पंप वाढवला की आठवडाभर पळते, मग पुन्हा काळा धूर: जुन्या डिझेल पिकअपचा दम आणि अ‍ॅव्हरेज

जुनी डिझेल पिकअप, २.२ ते ३ लिटरचं चार सिलिंडरचं इंजिन, सिलिंडरमध्ये डिझेल मोजून सोडणारा मेकॅनिकल पंप. माल भरला की चढावर दम तोडते, म्हणून पंपावर डिझेल वाढवलं जातं. आठवडाभर गाडी चांगली ओढते. मग मागे काळा धूर, चढावर तापमानाचा काटा वर, आणि अ‍ॅव्हरेज आधीपेक्षाही कमी. डिझेल परत कमी केलं की धूर थांबतो, पण दमही जातो. नोझल बदलले, हेड पॅकिंग बदललं, तरी काही महिन्यांत गाडी पुन्हा तिथेच.

हे चक्र तुटत नाही, कारण कमतरता हवेची असते आणि दुरुस्ती डिझेलची होते.

एक किलो डिझेल पूर्ण जळायला साधारण साडेचौदा किलो हवा लागते. पण डिझेल इंजिनात दोघांना मिसळायला काही मिलिसेकंदच मिळतात, त्यामुळे सिलिंडरमधली सगळी हवा कामाला येत नाही. एका किलो डिझेलमागे हवा अठरा किलोच्या खाली गेली की काळा धूर सुरू होतो. विसाच्या वर राहिली तर धूर जवळपास दिसत नाही. आता टर्बो (एक्झॉस्टच्या जोरावर फिरून जास्त हवा दाबणारा पंखा) नसलेलं २.५ लिटरचं इंजिन घ्या. ३५०० आरपीएमला ते मिनिटाला फार तर ४३७५ लिटर हवा ओढेल, कारण सिलिंडर दर दोन फेऱ्यांत एकदाच भरतो. भरण ८५ टक्के धरलं तर सेकंदाला सुमारे ७२ ग्रॅम हवा. विसाने भागलं की ३.६ ग्रॅम डिझेल, म्हणजे तासाला १३ किलो. एवढ्या डिझेलमधून ५० किलोवॅटच्या आसपास, म्हणजे ६८ एचपी निघते. पंप कितीही पिळला तरी धुराविना मिळणारी ताकद इथेच थांबते. वरचं डिझेल काजळी होऊन बाहेर पडतं, आणि जे उशिरा जळतं ते पिस्टनऐवजी एक्झॉस्ट तापवतं. धूर, तापणं आणि पडलेलं अ‍ॅव्हरेज ही तीन दुखणी नाहीत, एकच आहे.

याच इंजिनाला एक बार बूस्ट (हवेचा वाढीव दाब) देणारा टर्बो आणि हवा ६० अंशांवर आणणारा इंटरकूलर मिळाला तर सेकंदाला १३० ग्रॅम हवा आत जाते आणि तेवढ्याच स्वच्छ जळणातून ९० किलोवॅटच्या पुढे जाता येतं. त्यामुळे क्रम असा: आधी मोजणं, मग इंजिनाने वयामुळे गमावलेलं परत आणणं, मग हवा वाढवणं, आणि अगदी शेवटी पंप.

मोजल्याशिवाय पाना उचलू नका

अ‍ॅव्हरेज टाकी ते टाकी मोजा. टाकी काठोकाठ भरायची, किमान ३००-४०० किमी चालवायची, पुन्हा त्याच पातळीपर्यंत भरायची. अशा तीन भरण्यांची सरासरी धरा. एका भरणीच्या आकड्यावर विश्वास ठेवू नका, टाकीतला फेस दोन-तीन लिटरचा फरक सहज दाखवतो. टायर मूळ मापापेक्षा मोठे असतील तर आधी जीपीएसने किलोमीटर पडताळा. घेर पाच टक्क्यांनी मोठा असेल तर मीटर किलोमीटर कमी दाखवतो आणि अ‍ॅव्हरेज उगाच पडलेलं दिसतं.

दोन मीटर बसवा: बूस्टचा आणि एक्झॉस्टच्या तापमानाचा. दुसरा जास्त महत्त्वाचा. त्याचा के टाइप सेन्सर एक्झॉस्ट मॅनिफोल्डमध्ये, टर्बोच्या आधी हवा. टर्बोनंतर बसवला तर भार असताना आकडा शंभर-दीडशे अंशांनी कमी दिसतो आणि खोटा धीर देतो. भोक पाडताना मॅनिफोल्ड काढून घ्या. लोखंडाचा एक कीस टर्बाइनचं पातं तोडायला पुरतो. लांब चढावर, भरल्या गाडीने, ७०० °से.च्या खाली राहायचं. त्यावर काही सेकंद गेलं तर चालतं. मिनिटभर राहिलं तर पिस्टनचा माथा आणि व्हॉल्व्ह यांचं आयुष्य झपाट्याने खर्च होतं.

धुराचा रंगही मोजमापच आहे. काळा म्हणजे हवेला डिझेल जास्त. पांढरा आणि डोळ्यांना झोंबणारा म्हणजे न जळलेलं डिझेल: टायमिंग मागे, कॉम्प्रेशन कमी किंवा हीटर प्लग गेलेला. निळा म्हणजे ऑइल.

गमावलेला दम परत आणणं

बहुतेक जुन्या गाड्यांत अपग्रेड म्हणून जेवढी ताकद हवी असते, तिचा मोठा भाग याच टप्प्यात सापडतो. कंटाळवाणं काम आहे, म्हणूनच गाळलं जातं.

पहिलं कॉम्प्रेशन. डिझेलचाच टेस्टर वापरा, हीटर प्लगच्या किंवा इंजेक्टरच्या भोकातून, इंजिन गरम असताना, पंपाच्या स्टॉप सोलेनॉइडची (डिझेल बंद करणाऱ्या विजेच्या झडपेची) वायर काढून. धडधाकट इंजिन २५ ते ३० बार दाखवतं. २० च्या आसपास आलं, किंवा दोन सिलिंडरमध्ये चार-पाच बारचा फरक दिसला, तर पुढचा सगळा खर्च थांबवा आणि आधी रिंगा, लायनर, व्हॉल्व्ह पाहा. पेट्रोल इंजिनासारखं सिलिंडरमध्ये ऑइल ओतून पाहण्याची चाचणी इथे करू नका. २.५ लिटरच्या इंजिनात वीसपट दाबलेल्या हवेला जेमतेम ३३ मिली जागा उरते. त्यात १५ मिली ऑइल गेलं तर आकडा खोटा येतो, आणि जास्त गेलं तर कनेक्टिंग रॉड वाकतो.

टॅपेट (व्हॉल्व्हचा गॅप) थंड की गरम इंजिनावर सेट करायचे ते मॅन्युअलमध्ये पाहा, अंदाजाने नको. एक्झॉस्टचा गॅप बहुधा इनटेकपेक्षा जास्त असतो. तो कमी ठेवला तर टॅपेटचा आवाज छान शांत होतो, पण भारावर व्हॉल्व्ह पूर्ण बसत नाही आणि जळतो.

मग हवेचा रस्ता. एअर फिल्टर, त्याच्या आधीचा पाइप, आणि ईजीआर (जळलेला वायू थोडा परत हवेत सोडणारा व्हॉल्व्ह) असेल तर इनटेक मॅनिफोल्ड. काजळी आणि ऑइलची वाफ मिळून मॅनिफोल्डच्या आत डांबरासारखा थर बसतो आणि भोक निम्म्यावर येतं. मॅनिफोल्ड काढून, पूर्ण साफ करून, नवीन गॅस्केटवर बसवायचं. ईजीआर कायमचा बंद करण्यापेक्षा व्हॉल्व्ह साफ करून तो पूर्ण मिटतोय याची खात्री करा. अर्धवट उघडा राहिलेला ईजीआर भारावर ताज्या हवेची जागा खातो, आणि खरा त्रास त्याचाच असतो. बऱ्याच देशांत तो काढून टाकणं बेकायदा आहे.

टर्बोची गाडी असेल तर बूस्टची गळती हे सर्वात दुर्लक्षित कारण आहे. क्लिपखाली चिरलेला होज उभ्या गाडीत दिसत नाही, भारावर फाकतो. चाचणी सोपी आहे. एअर फिल्टरकडचा पाइप काढून टर्बोच्या तोंडाला ट्यूबचा व्हॉल्व्ह लावलेली टोपी घट्ट बसवा, रेग्युलेटर लावून हवा भरा, एक बारच्या वर नाही, आणि प्रत्येक जोडावर, इंटरकूलरच्या कडांवर, मॅनिफोल्डच्या गॅस्केटवर साबणाचं पाणी मारा. ऑइल भरायचं झाकण उघडं ठेवा, नाहीतर आत झिरपलेली हवा क्रँकचे सील ढकलते. थोडी हवा एखाद्या उघड्या व्हॉल्व्हमधून जाणारच. क्रँक थोडा फिरवून पुन्हा पाहा.

टर्बोचा शाफ्ट हाताने हलवा. आडवा किंचित खेळ असतोच. पण आत-बाहेर खेळ हाताला जाणवला किंवा पातं घराला घासलेलं दिसलं तर टर्बो संपला आहे. नवीन बसवताना ऑइलची येण्याची आणि जाण्याची दोन्ही नळी बदला. आतून कार्बन धरलेल्या जुन्या नळीवर बसवलेला नवीन टर्बो फार दिवस टिकत नाही, आणि दोष उगाच टर्बोला जातो. इंटरकूलरमध्ये साचलेलं ऑइलही ओतून काढा. ते एकदम इंजिनात ओढलं गेलं तर इंजिन त्याच्यावरच पळायला लागतं आणि चावी बंद करून थांबत नाही.

नोझल टेस्ट स्टँडवर तपासून घ्या. जुन्या प्रीचेंबर इंजिनात (डिझेल आधी छोट्या कप्प्यात पेटतं अशा) उघडण्याचा दाब साधारण १२० ते १५० बार, डायरेक्ट इंजेक्शनच्या मेकॅनिकल इंजेक्टरमध्ये २०० ते २५० बार. नेमका आकडा मॅन्युअलचा घ्या. वर्षांनुवर्षं दबलेल्या स्प्रिंगमुळे हा दाब घसरतो, डिझेल लवकर आणि जाड थेंबांनी पडतं. ०.१ मिमीचा शिम (पातळ चकती) साधारण दहा बार वाढवतो. चारही इंजेक्टर एकमेकांपासून पाच बारच्या आत हवेत. फवारा धुक्यासारखा आणि सरळ, शेवटी टोकाला थेंब लटकता कामा नये. गळकं नोझल पिस्टनला भोक पाडतं, नुसता धूर करत नाही. या स्टँडच्या फवाऱ्यापुढे बोट कधीही नेऊ नका, तो कातडीतून आत शिरतो. परत बसवताना तांब्याचे वॉशर नवेच, आणि जुना वॉशर भोकाच्या तळाशी चिकटून राहिलेला नाही हे टॉर्च मारून पाहा.

डिझेलच्या लाइनमध्ये हवा शिरते का ते पाहायला पंपाच्या आधी हातभर पारदर्शक पाइप जोडून इंजिन चालवा. सतत बुडबुडे दिसले तर फिल्टरचा सील, हातपंप, टाकीपासूनचा पाइप असं मागे मागे जा. हीच हवा चढावर दम तोडण्याचं कारण असते, आणि पंप मात्र विनाकारण खोलला जातो.

थर्मोस्टॅट काढलेला असेल तर परत बसवा. गाडी तापते म्हणून तो काढून टाकण्याची सवय फार नुकसान करते. इंजिन ६० अंशांवर चालतं, डिझेल नीट जळत नाही, बोअर लवकर झिजतो, अ‍ॅव्हरेज पडतं, आणि चढावर गाडी तरीही तापते, कारण मूळ दोष रेडिएटरमध्येच राहिलेला असतो. थर्मोस्टॅट पाण्यात उकळून पाहा: ८२ चा असेल तर त्या आसपास उघडायला लागतो आणि ९५ पर्यंत पूर्ण उघडतो.

शेवटचं, जॅकवर चढवून चारही चाकं हाताने फिरवा. जाम झालेला ब्रेक कोणत्याही टर्बोने भरून निघत नाही.

हवा वाढवणं

एक बारपर्यंत दाबलेली हवा टर्बोतून १२० अंशांच्या आसपास बाहेर येते. ती ५५-६० वर आणली की त्याच दाबाला सुमारे २० टक्के जास्त हवा सिलिंडरमध्ये मावते, शिवाय एक्झॉस्टचं तापमान उतरतं. मूळ टर्बो असलेल्या, पण इंटरकूलर नसलेल्या पिकअपमध्ये सर्वात चांगला फायदा देणारा हाच एक भाग. तो रेडिएटरच्या अगदी समोर लावला तर रेडिएटरला गरम हवा मिळते, म्हणून रेडिएटर आधी साफ आणि दमदार हवा. बॉनेटवर लावला तर खाली पंखा हवाच. उभ्या गाडीत तो इंजिनाच्या उष्णतेने उलट तापतो.

एक्झॉस्ट टर्बोपासून शेवटपर्यंत ६३ मिमीचा, दाबून वळवलेला नव्हे तर गोल बाक दिलेला. २.५ ते ३ लिटरला एवढा पुरतो. त्याहून जाड पाइपने आवाज वाढतो, बाकी फारसं काही हाती लागत नाही.

बूस्ट वाढवताना लोभ नको. वेस्टगेटच्या (जास्तीचा एक्झॉस्ट टर्बोला वळसा देऊन सोडणाऱ्या झडपेच्या) नळीत कंट्रोलर टाकून मूळ ०.७ चा टर्बो १.० वर नेणं बहुतेक वेळा झेपतं. लहान टर्बो १.४ वर ढकलला की तो हवा दाबण्यापेक्षा तापवतो जास्त आणि एक्झॉस्टमधला उलटा दाब वाढवतो. मीटरवर बूस्ट छान दिसतो, गाडी मात्र ओढत नाही.

मुळात टर्बो नसलेल्या इंजिनाला तो लावायचा असेल तर हात आखडता ठेवा: ०.४ ते ०.५ बार, त्याहून जास्त नाही. अशा इंजिनात बहुधा पिस्टनखाली ऑइल मारणारे जेट नसतात, पिस्टनच्या पहिल्या खोबणीला पोलादी आधार नसतो आणि कॉम्प्रेशन रेशो चढा असतो. ऑइलची परतीची नळी जाड, सतत उतरती आणि संपमधल्या (इंजिनाच्या तळाच्या भांड्यातल्या) ऑइलच्या पातळीच्या वर जोडलेली हवी, नाहीतर टर्बो दोन्हीकडून ऑइल टाकतो.

आता पंप

आधी टायमिंग. बॉशच्या व्हीई प्रकारच्या रोटरी पंपात मागच्या मधल्या प्लगच्या जागी डायल गेज लावून, पहिला सिलिंडर टीडीसीला (पिस्टन सर्वात वर) आणून, प्लंजर (डिझेल दाबणारा दांडा) किती मिलिमीटर उचलला गेला ते मोजतात. आकडा इंजिनागणिक वेगळा, पण तो शतांश मिलिमीटरमध्ये जुळवायचा असतो. आवाज ऐकून नाही. टायमिंग मागे पडलं असेल तर एक्झॉस्ट तापतो आणि अ‍ॅव्हरेज जातं. फार पुढे नेलं तर इंजिन खडखडतं, सिलिंडरमधला दाब वाढतो आणि हेड पॅकिंग उडतं.

डिझेल वाढवायच्या जागा दोन आहेत, आणि इथेच नेमकी चूक होते. मागचा फुल लोड स्क्रू सगळीकडे डिझेल वाढवतो, बूस्ट यायच्या आधीसुद्धा. म्हणून गाडी जागेवरून उठतानाच धूर मारते. टर्बोच्या पंपावर वरच्या घुमटाखाली डायफ्राम आणि त्याला जोडलेला एका बाजूने तिरका घासलेला शंकू असतो. बूस्ट आला की शंकू खाली सरकतो आणि जेवढी हवा तेवढंच डिझेल सोडतो. वाढ करायची ती इथे: डायफ्रामची मूळ जागा ओरखडा मारून ठेवा आणि तो थोडा फिरवा, म्हणजे शंकूचा खोल भाग पिनसमोर येतो. त्याखालचं दातेरी चाक स्प्रिंगचा ताण ठरवतं, म्हणजे बूस्ट येताना डिझेल किती लवकर वाढावं ते. डायफ्राम फाटलेला असेल तर बूस्ट कितीही असो, डिझेल वाढतच नाही. तो बदलल्यावर गाडी आपोआप बरीच सुधारते.

फुल लोड स्क्रूला हात लावावाच लागला तर एका वेळी अष्टमांश फेरा, त्यानंतर आयडल परत खाली आणायचा, मग चढावर चाचणी. तो फार आत नेला तर गव्हर्नर (आरपीएम आवरणारा भाग) डिझेल पूर्ण तोडू शकत नाही आणि इंजिन आरपीएम सोडत नाही. इनलाइन पंप (प्रत्येक सिलिंडरला वेगळा प्लंजर असलेला) मात्र घरी खोलू नका. चार प्लंजरचं डिझेल एकसारखं आहे की नाही, हे बेंचशिवाय कळतच नाही.

थांबायची खूण अशी: पूर्ण दाबलेल्या अ‍ॅक्सिलरेटरवर, बूस्ट आल्यानंतर, आरशात धुराची फिकट रेघ दिसली की एक पायरी मागे. एक्झॉस्टचं तापमान त्याआधीच ७०० ला पोचत असेल तर तिथेच थांबा, धूर नसला तरी.

तरीही तापते, हेड पॅकिंग पुन्हा जातं

रेडिएटरची टोपी आधी बदला, स्वस्तातला आणि विसरला जाणारा भाग आहे. ०.९ बार धरणाऱ्या टोपीखाली साधं पाणी ११८ अंशांपर्यंत उकळत नाही. सैल टोपीखाली शंभरालाच उकळतं. मग पंख्याचा व्हिस्कस कपलिंग: गरम इंजिन बंद करून पंखा हाताने ढकला, सहज दोन-तीन फेरे फिरला तर आतलं सिलिकॉन ऑइल गेलेलं आहे.

थंड इंजिन चालू करून मिनिटाभरात वरचा होज दगडासारखा कडक होत असेल तर जळलेला वायू पाण्यात शिरतोय. हेड उतरवल्यावर नुसतं पॅकिंग बदलून बसवणं हेच पुन्हा जाण्याचं कारण. सरळ पट्टी आणि फिलर गेजने हेड आणि ब्लॉक दोन्ही तपासा. बहुतेक मॅन्युअलमध्ये मर्यादा ०.०५ ते ०.१० मिमीची असते. व्हॉल्व्हांच्या मधल्या पुलावर तडे शोधा. पिस्टन ब्लॉकच्या वर किती येतो ते डायल गेजने मोजून त्याप्रमाणे जाडी निवडा. पॅकिंगच्या कडेवरच्या खाचा किंवा भोकं तीच जाडी सांगतात. कोनात आवळायचे बोल्ट एकदा ताणले की संपले, नवेच घ्या. ब्लॉकमधली भोकं ऑइल आणि पाणी काढून कोरडी करा, नाहीतर टॉर्क रेंच खोटा आकडा दाखवतो आणि बोल्ट ब्लॉकला तडा देतो.

ताकद वाढल्यावर क्लच घसरायला लागला तर टॉप गिअरमध्ये चढावर आरपीएम वाढतं आणि वेग वाढत नाही. त्याला दोष इंजिनाचा समजून पुन्हा पंपाकडे जाऊ नका.

वाढलेला दम अ‍ॅव्हरेजमध्ये कसा आणायचा

इथपर्यंतची ताकद आपोआप डिझेल वाचवत नाही. ती वाचते इंजिन कमी आरपीएमवर, जास्त भाराखाली चालवलं तर. या मापाची डिझेल इंजिनं साधारण १६०० ते २२०० च्या पट्ट्यात सर्वात काटकसरीने चालतात. २.१ मीटर घेराच्या टायरवर ताशी ८० ला चाक मिनिटाला ६३५ फेरे घेतं. डिफरन्शियल (मागच्या चाकांच्या मधली गिअरची जोडी) ४.१ चं असेल तर थेट गिअरमध्ये इंजिन २६०० वर असतं, ३.७ च्या जोडीवर २३५० वर येतं. मूळच्या अशक्त इंजिनाला ही जोडी लावली असती तर प्रत्येक चढावर गिअर उतरवावा लागला असता. आता ती पेलते. मागची जोडी बदलताना गाडी चारचाकी ओढीची असेल तर पुढची जोडीही त्याच प्रमाणाची हवी, नाहीतर ट्रान्सफर केस (ताकद पुढे-मागे वाटणारा गिअरबॉक्स) स्वतःशीच भांडतो.

वेगाचं गणितही पाहा. ८० वरून १०० ला गेलं की वाऱ्याचा रोध दीडपटीहून वाढतो आणि तो कापायला लागणारी ताकद जवळपास दुप्पट होते. वरचा रिकामा कॅरिअर आणि फडफडणारी ताडपत्री काढून पाहा. चौकोनी गाडीवर हा फरक टाकीच्या हिशेबात दिसतो.

सगळं बसल्यावर पहिल्या ५०० ते १००० किमीमध्ये होजच्या क्लिपा, मॅनिफोल्डचे नट आणि टर्बोच्या ऑइल नळीचे जोड पुन्हा तपासा. ऑइल आधीपेक्षा लवकर बदला, कारण तेच ऑइल आता टर्बोचा बेअरिंग आणि जास्त तापलेले पिस्टनही सांभाळतंय. पंपाच्या प्रत्येक स्क्रूवर अंतिम जागेला रंगाची रेघ ओढून ठेवा. पुढे कधी धूर दिसला आणि रेघ जागेवरच असेल, तर पाना पंपाकडे न नेता साबणाचं पाणी घेऊन होजपासून सुरुवात करायची.